पंधरा पोरं कुठनं आणायची? गेलिक फुटबॉलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी भाचीकडं आयर्लंडला जाऊन आलो त्यावर लिहिलं होतं. भाची तिथं मेयो काउंटीत नर्स आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं धरा. त्या लेखात गावच्या ग्राउंडवर बघितलेल्या एका मॅचबद्दल जेमतेम चार ओळी होत्या, आणि पत्रं न् मेसेज आले ते बहुतेक सगळे त्या चार ओळींवरच. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : सर, माझा मुलगा आणि सून कॉर्कला असतात. नातू नऊ वर्षाचा आहे, तो गेलिक खेळायलाय म्हणून सून सांगती. व्हिडिओत बघितलं तर पोरं बॉल हातात घेऊन पळायलेत, मधीच लाथ मारायलेत, एकमेकांना खांद्यानं ढकलायलेत. हे फुटबॉल काय रग्बी? पोराला लागत नाही काय ओ? (एक आजी, अनगोळ)

आजी, आधी जिवाला घोर लावून घेऊ नका. हा गेलिक फुटबॉल, आयर्लंडचा स्वतःचा खेळ, आपला फुटबॉलही नव्हे आणि रग्बीही नव्हे. बॉल गोल असतो, दिसायला व्हॉलीबॉलसारखा पण जरा जड. तो हातात घेऊन चार पावलं पळता येतं, त्याच्यापुढं जायचं तर एकतर जमिनीवर टप्पा द्यायचा नाहीतर चवड्यानं हलकं वर उडवून परत हातात घ्यायचा, ह्याला ते सोलो म्हणतात. सलग दोन टप्पे चालत नाहीत, म्हणून टप्पा-सोलो-टप्पा-सोलो करत पोरगं पळतंय ते बघायला फार छान वाटतं. बॉल हातानं फेकायचा नाही, मुठीनं ठोसा मारून पास द्यायचा, नाहीतर लाथेनं. पुरुषांच्या खेळात जमिनीवरचा बॉल थेट हातानं उचलता येत नाही, आधी पायानं वर घ्यावा लागतो.

गोलपोस्ट एच अक्षरासारखा. खाली जाळीत बॉल गेला तर गोल, त्याचे ३ पॉइंट, आडव्या दांडीच्या वरनं दोन खांबांच्या मधनं गेला तर १. त्यामुळं स्कोअर दोन आकड्यात लिहितात आणि आपला गोंधळ होतो. ऑल आयर्लंड म्हणजे काउंटी-काउंटींमधली सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची २०२५ ची फायनल केरी काउंटीनं डोनेगल काउंटीवर जिंकली, स्कोअर १-२६ आणि ०-१९. म्हणजे केरीचा एक गोल आणि २६ पॉइंट, एकूण २९, डोनेगलचे १९. दोन्ही गोलपोस्टजवळ पांढरे कोट घातलेले अंपायर उभे असतात, गोल झाला की हिरवा झेंडा, पॉइंट झाला की पांढरा.

आता लागण्याचं. खांद्याला खांदा भिडवणं चालतं, पण ओढणं, पाय घालणं, मागनं ढकलणं फाउल आहे. तोंडात माउथगार्ड घालणं सक्तीचं आहे, सूनबाईंना विचारा, नातवाच्या बॅगेत असणारच. आणि लहान पोरांसाठी त्यांची गो गेम्स म्हणून पद्धत आहे, छोटं ग्राउंड, कमी खेळाडू, आणि आलेल्या प्रत्येक पोराला पूर्ण मॅच खेळवायचंच, बेंचवर कुणालाच बसवायचं नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आपल्याकडं शाळेच्या टीममध्ये अकरा पोरं खेळतात आणि सहा पोरं वर्षभर पाण्याच्या बाटल्या धरतात, मग दहावीनंतर ती सहा परत मैदानाकडं फिरकतच नाहीत. माझ्या भाचीचा मुलगा शाळेला जाताना रस्त्यानं सोलो मोजत जातो, आज किती झाले ते संध्याकाळी आईला सांगतो. नातवाशी फोनवर बोलताना एवढंच विचारा, सोलो किती येतात रे तुला, बघा कसा बोलत सुटतो ते.

प्रश्न : सर मी कबड्डी खेळतो, आमच्या कडोलीत खूप जण खेळतात. तुम्ही लिहिलंय तिथं फायनलला ऐंशी हजार लोक येतात, मग ते प्लेअर तर करोडपती असणार. त्यांचं पण प्रो कबड्डीसारखं ऑक्शन होतं का? (एक वाचक, वय २१)

नाही दोस्ता, ऑक्शन नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही, पगार नाही. डब्लिनचं क्रोक पार्क ८२,३०० लोकांचं स्टेडियम आहे, फायनलला ते गच्च भरतं, आणि आत खेळणाऱ्या कुणालाच त्या मॅचचे पैसे मिळत नाहीत. येण्याजाण्याचा खर्च मिळतो, काउंटीच्या खेळाडूंना सरकारकडनं थोडं अनुदान मिळतं, बस्स. बाकी कुणी मास्तर आहे, कुणी सुतार, कुणी बँकेत, कुणी घरची गुरं बघतो, आणि सोमवारी सगळे कामावर. १९९९ मध्ये खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली, गेलिक प्लेअर्स असोसिएशन, ती खर्चासाठी, खेळाडूंच्या आरोग्यासाठी भांडत असते आणि ते बरोबरच आहे, कारण आठवड्यात चार-पाच दिवस ट्रेनिंग, जिम, डाएट सगळं प्रोफेशनलसारखं आणि खिशात मात्र काही नाही हे ओढाताणीचंच आहे. मला विचारशील तर खेळाडूच्या घराचं भाडं निघेल एवढं तरी मिळालं पाहिजे असं माझं मत आहे, पण तिथल्या बऱ्याच जुन्या लोकांना ते अजिबात पटत नाही, पैसा आला की गाव गेलं म्हणतात.

गाव गेलं म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण सगळी गोम तिथंच आहे. तिथं कुठल्या टीमकडनं खेळायचं हे खेळाडू ठरवत नाही, तो कुठं जन्मला, कुठल्या पॅरिशमध्ये वाढला ह्यावर ठरतं. पॅरिश म्हणजे एका चर्चचा परिसर, आपल्या हिशेबानं एक मोठं गाव आणि भोवतीच्या वाड्या. तुझा क्लब तुझ्या गावचा, तुझी काउंटी तुझ्या जिल्ह्याची. क्लब बदलणं फार अवघड, आणि बदललंच तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. डेव्हिड क्लिफर्डचं उदाहरण देतो. हा केरीचा, आजच्या घडीला आयर्लंडमधला सगळ्यात भारी फॉरवर्ड, पेशानं शाळेत शिक्षक. २०२२ मध्ये तो केरीकडनं ऑल आयर्लंड जिंकला, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि काही महिन्यात, २०२३ च्या जानेवारीत, तोच माणूस भावाबरोबर आपल्या फोसा ह्या छोट्या गावच्या क्लबकडनं ज्युनिअर फायनल खेळत होता. ज्युनिअर म्हणजे वयानं नव्हे, सिनिअर, इंटरमिजिएट, ज्युनिअर अशा पायऱ्या आहेत, ज्युनिअर जवळजवळ तळाची. फोसा जिंकलं. आता तू विचार कर, प्रो कबड्डीचा टॉपचा रेडर सीझन संपल्यावर आपल्या गावच्या जत्रेतल्या टुर्नामेंटला गावचाच टीशर्ट घालून उतरतोय, आणि त्यात कुणाला काही विशेषही वाटत नाही.

आपल्याला हे अगदी परकं नाही बघ. आपल्यापासनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कोल्हापूरचा फुटबॉल पेठेचा आणि तालमीचाच आहे की. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या आणि शाहू स्टेडियमला मॅच असली की पेठच्या पेठ उठून येते. १७ वर्षांखालच्या २०१७ च्या वर्ल्ड कपात भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा.

प्रश्न : आयर्लंडचा उत्तरेकडचा भाग ब्रिटनमध्ये आहे. मग तिथल्या खेळाडूंनी खेळायचं कुणाकडून? मी तेहतीस वर्षं खानापूर भागातल्या मराठी शाळांत नोकरी केली, सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे असं समजा. (एक निवृत्त शिक्षक, खानापूर)

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून थोडा वेळ नुसता बसलो होतो, कारण तिथं असताना माझ्याही मनात हेच घोळत होतं.

एक योगायोग आधी सांगतो. ही सगळी व्यवस्था चालवणारी संस्था म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, तिथं सगळे जीएए म्हणतात. टिपरेरी काउंटीतल्या थर्लिस गावात हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि संस्था सुरू झाली, तारीख १ नोव्हेंबर १८८४. आपल्या भागात १ नोव्हेंबर म्हटलं की १९५६ शिवाय, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं त्या दिवसाशिवाय, काही आठवत नाही, त्यामुळं क्रोक पार्कच्या म्युझियममध्ये ती तारीख वाचताना मी थबकलोच. तेव्हा आयर्लंड सगळं ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, मातीतले खेळ, भाषा, सगळंच मागं पडत चाललेलं, आणि मायकल क्युसॅकसारख्या माणसांनी ठरवलं की आपले खेळ आपल्या गावोगावी परत उभे करायचे.

पुढं १९२१ मध्ये फाळणी झाली. बत्तीस काउंटींपैकी सहा ब्रिटनकडं राहिल्या, सव्वीस वेगळ्या झाल्या. साध्या फुटबॉलची संघटना लगेच दोन तुकडे झाली, एक बेलफास्टची एक डब्लिनची, आज वर्ल्ड कपच्या पात्रता मॅचना दोन वेगळ्या टीम असतात त्या त्यामुळंच. जीएएनं मात्र ती रेघ कधी धरलीच नाही. त्यांच्या कागदावर बत्तीस काउंटी त्या बत्तीसच. अल्स्टर प्रांतात नऊ काउंटी, सहा ब्रिटनमधल्या आणि डोनेगल, कॅव्हन, मोनाहन ह्या तीन रिपब्लिकमधल्या, म्हणजे वेगळ्या झालेल्या आयर्लंडमधल्या, सगळ्यांची एकच चॅम्पियनशिप. तिची फायनल बहुतेक वेळा क्लोन्स नावाच्या गावात होते, आणि ते गाव कुठं, तर अगदी सीमेला लागून. त्या दिवशी रेघेच्या दोन्ही बाजूंनी गाड्या येतात, झेंडे लावून.

हे फुकटात झालेलं नाही. २१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कमध्ये डब्लिन आणि टिपरेरीची मॅच चालू असताना ब्रिटिश फौजा आत शिरल्या आणि गोळीबार केला, १४ माणसं गेली, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन. आज तिथल्या मुख्य स्टँडला त्याचं नाव आहे, कप जिंकणारा कॅप्टन होगन स्टँडच्या पायऱ्या चढूनच कप उचलतो. नंतर उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या काळात सीमेजवळच्या क्रॉसमॅग्लेन गावच्या क्लबच्या जागेवर ब्रिटिश लष्करानं तळ टाकला होता, ग्राउंडला लागूनच हेलिकॉप्टर उतरायचे, वर्षानुवर्षं. तरी तो क्लब खेळत राहिला आणि देशातला सगळ्यात मोठा क्लब कप सहा वेळा घरी घेऊन आला. आणि १९८८ च्या फेब्रुवारीत एडन मॅकअॅनेस्पी नावाचा तेवीस वर्षाचा पोरगा गावच्या मॅचला चालत निघाला होता, सीमेवरचं चेकपोस्ट ओलांडून थोडं पुढं गेल्यावर सैनिकाच्या गोळीनं तो मेला. त्या सैनिकावर गुन्हा शाबीत व्हायला २०२२ साल उजाडलं. हातात किटबॅग घेऊन मॅचला जाणारा पोरगा कुठल्याही गावात डोळ्यासमोर येतो, म्हणून हे वाचताना मला फार जड गेलं.

आपली गोष्ट आणि त्यांची गोष्ट एकास एक जुळत नाही हे मला कळतं गुरुजी, आपल्याकडची रेघ एकाच देशातल्या दोन राज्यांमधली आहे. पण खेळाडूच्या बाजूनं बघितलं तर थोडं तरी जुळतं. निपाणीचा पोरगा आणि कागलचा पोरगा एकाच जत्रेच्या मैदानात कुस्ती धरतात, दोघांची भाषा एक, खुराक एक, डाव शिकवणारा वस्ताद पण कधी कधी एकच, मात्र नॅशनलची निवड आली की एक कर्नाटकचा आणि दुसरा महाराष्ट्राचा. कुस्तीच्या फडानं ही रेघ कधी मानली नाही, येळ्ळूरला मैदान असलं की कोल्हापूर-सांगलीकडनं पैलवान येतात तसे धारवाड-दावणगिरीकडनंही येतात आणि हलगी सगळ्यांसाठी सारखीच वाजते. आर्मा काउंटी, ब्रिटनच्या बाजूची, सीमेला चिकटलेली, तिनं २०२४ मध्ये गॉलवेला एका पॉइंटनं हरवून ऑल आयर्लंड जिंकली, १-११ ला ०-१३. त्याआधी फक्त एकदा, २००२ मध्ये, जिंकले होते, आणि तेव्हाचा कॅप्टन किरन मॅकगीनी २०२४ ला मॅनेजर होता. कप हातात घेऊन ते डब्लिनहून घरी निघाले तेव्हा वाटेत सीमा लागलीच असणार, पण आता तिथं चेकपोस्ट नाही, रस्त्यावरचे वेगाचे बोर्ड किलोमीटरचे मैल होतात तेवढ्यानंच कळतं.

प्रश्न : सर आमच्या गावात पूर्वी व्हॉलीबॉल आणि कबड्डीच्या दोन-दोन टीम होत्या, आता एकही उभी राहत नाही, पोरं सगळी पुणे, गोवा, बेंगळूर. तिथल्या खेड्यात पण असंच आहे का फक्त आपल्याकडंच? (एक वाचक, निपाणी तालुका)

तिथंही आहे दादा, आणि आपल्यापेक्षा जुनं दुखणं आहे. मी जी मॅच बघितली ती अशाच गावची होती म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

अटलांटिक समुद्राकडचं गाव, पाऊस आपल्या कणकुंबी-जांबोटीसारखा धो धो नव्हे पण दिवसभर रिपरिप, गार वारं. ग्राउंड मात्र बघत राहावं असं, क्लबच्या स्वतःच्या मालकीचं, ड्रेसिंग रूम, लाईट, कडेला चहाची खोली. हे सगळं गावानं वर्गणी आणि दर आठवड्याच्या लोटोवर, म्हणजे लॉटरीवर, उभं केलंय, आपली यात्रा कमिटी करते तसंच. मॅच सातला, साडेसहापर्यंत टीमचे तेराच जण आलेले. क्लबचे सेक्रेटरी, सत्तरीचे असतील, फोन लावत गेटवर उभे. एक डब्लिनहून येत होता, तीन तासांचा प्रवास करून, शुक्रवारी कामावरनं सुटल्यावर थेट. आणि पंधरावा म्हणून त्यांनी ज्याला बोलावलं तो एक्केचाळीस वर्षाचा प्लंबर, दोन वर्षांपूर्वी खेळणं सोडलेला, व्हॅनमधनं उतरला आणि व्हॅनच्या मागंच कपडे बदलून मैदानात गेला. भाचीच्या नवऱ्याला मी विचारलं पंधरा जमले नसते तर, तो म्हणाला मग मॅच समोरच्यांना देऊन टाकायची, आणि असं दोन-तीन वेळा झालं की पुढच्या वर्षी टीम द्यायचीच की नाही ह्यावर मीटिंग बसते.

ती टीम हरली. पण मॅच संपल्यावर कुणी घरी गेलं नाही, सगळे त्या चहाच्या खोलीत.

कारणं विचाराल तर तीच. शेतीवर घर चालत नाही, शिकलेल्यांना नोकरी डब्लिनमध्ये नाहीतर परदेशात, गावात नवीन घर बांधायला परवानगी आणि पैसा दोन्ही अवघड, शाळेत पोरं कमी. आधी पंधरा वर्षांखालची टीम शेजारच्या गावाबरोबर एकत्र करावी लागते, मग अठरा वर्षांखालची, आणि शेवटी मोठ्यांची. शेजारचं गाव म्हणजे शंभर वर्षं ज्यांच्याशी खुन्नस ते, म्हणून जुनी माणसं ह्या एकत्रीकरणाला फार भितात. काही काउंटींनी छोट्या क्लबांसाठी अकरा आणि नऊ जणांच्या स्पर्धा सुरू केल्यात आणि मला तो शहाणपणाचा रस्ता वाटतो, टीम मरण्यापेक्षा नऊ जणांची टीम कधीही बरी. तिकडं डब्लिनच्या कडेच्या नव्या वस्त्यांत उलटा प्रकार, शेकडो पोरं आणि खेळायला ग्राउंड नाही. २०१५ पासनं २०२० पर्यंत सलग सहा वर्षं डब्लिननंच कप नेला, लोकसंख्येचा भार त्यात नक्कीच होता असं मी समजतो, जरी त्या टीममध्ये गुण काही कमी नव्हते.

गेलेली पोरं खेळ मात्र सोडत नाहीत. न्यूयॉर्क, बोस्टन, सिडनी, दुबई, सगळीकडं त्यांचे गेलिक क्लब आहेत, न्यूयॉर्क आणि लंडनच्या टीम तर आयर्लंडच्या कॉनॉक्ट प्रांताच्या चॅम्पियनशिपमध्ये दर वर्षी खेळतात. काही जण ऑस्ट्रेलियाच्या प्रोफेशनल फुटबॉलमध्ये जातात कारण तो खेळ ह्याच्या जवळचा आहे आणि तिथं पगार आहे. केरीचा टाईग केनेली सिडनीकडनं २००५ ची फायनल जिंकला, मोठा स्टार झाला, आणि सगळं सोडून घरी येऊन २००९ मध्ये केरीकडनं ऑल आयर्लंड जिंकला, कारण त्याचे वडील केरीकडनं खेळलेले आणि ते पदक त्याला हवंच होतं.

दादा, तुमच्या गावची पुण्यातली पोरं वर्षातनं एकदा जत्रेला येतातच. तेव्हा एक दिवस फक्त त्यांची आणि गावातल्यांची कबड्डी लावा, बक्षीस काही ठेवू नका. एका वर्षात टीम उभी राहणार नाही, पण कोण अजून खेळू शकतंय ते तरी समजेल.

प्रश्न : मुली खेळतात का हा खेळ? आमच्या गावात मुलींनी दहावीनंतर ग्राउंडवर जायचं म्हटलं की सगळे प्रश्न विचारतात. (बारावीतली विद्यार्थिनी, बेळगुंदी)

खेळतात ग बाळ, आणि खूप. बायकांची वेगळी संघटना १९७४ मध्ये सुरू झाली, तीही त्याच थर्लिस गावातल्या त्याच हेज हॉटेलात. नव्वद वर्षं उशीर झाला हे खरंच आहे, पण २०१९ च्या मुलींच्या फायनलला क्रोक पार्कमध्ये ५६,११४ लोक होते. त्यांच्या नियमात बॉल जमिनीवरनं थेट हातानं उचलता येतो, त्यामुळं खेळ जास्त वेगवान वाटतो. तिथंही सगळं सरळ नाही, मुलींच्या टीमला ग्राउंड मिळताना मुलांच्या वेळा आधी ठरतात, खर्चाचे पैसे कमी मिळतात, ह्यावर त्या उघडपणे भांडल्यात आणि म्हणूनच आता पुरुषांची, मुलींची आणि कमोगीची (बायकांचा काठी-बॉलचा खेळ) अशा तिन्ही संघटना एकत्र करायचं काम चालू आहे.

आणि तुझ्या गावच्या लोकांनी प्रश्न विचारले तर तुरमुरीचं नाव सांग, लांब नाही तुमच्यापासनं. तिथली मलप्रभा जाधव २०१८ च्या एशियन गेम्समध्ये कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्याच एका खेळात, ब्राँझ घेऊन आली. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी.

प्रश्न : मेयोला शाप आहे असं इंटरनेटवर वाचलं, खरं काय? (येळ्ळूर)

गोष्ट अशी सांगतात की १९५१ ला मेयोची टीम कप जिंकून ट्रकमधनं घरी येत होती, वाटेत फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती आणि जल्लोषात ते थांबलेच नाहीत, मग पाद्र्यानं शाप दिला की ह्या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो परत जिंकणार नाही. शापाला पुरावा काही नाही, पण १९५१ नंतर मेयोनं कप खरंच बघितला नाही. १९८९ पासनं २०२१ पर्यंत अकरा फायनल हरले. त्या टीमचे शेवटचे खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वारले, त्याच महिन्यात मेयो अजून एक फायनल हरलं होतं. त्यांच्या जाण्यानंतरही कप आलेला नाही, मग शापाचं काय राहिलं सांगा. माझ्या भाचीचे शेजारी तरी दर वर्षी हिरवा-लाल झेंडा घरावर लावतातच.

प्रश्न : नियम बदलले म्हणे? का? (कॅम्प, बेळगाव)

बदलले, २०२५ पासनं. खेळ कंटाळवाणा झाला होता, सगळी टीम मागं बचावाला आणि हातानं पास पास पास. डब्लिनला सलग पाच कप मिळवून देणारे मॅनेजर जिम गॅविन ह्यांच्या समितीनं उपाय सुचवले. गोलपासनं ४० मीटरवर अर्धवर्तुळ आखलं, त्याच्या बाहेरनं मारलेल्या पॉइंटला आता २ मिळतात, त्याला नारिंगी झेंडा. आणि प्रत्येक टीमचे तीन खेळाडू कायम समोरच्यांच्या हाफमध्ये राहिलेच पाहिजेत. त्या एका उन्हाळ्यात खेळ परत मोकळा झाला असं सगळेच म्हणत होते, मलाही पटलं.

प्रश्न : सर आम्ही आठ-दहा जण आहोत, हिंडलग्याजवळ. यूट्यूबवर बघून खेळायचा विचार आहे. इथं जमेल का? (तिघा मित्रांचा मेसेज)

जमेल रे. पंधरा-पंधराचं मनात आणू नका, चार-चार, पाच-पाच जणांनी सुरुवात करा, तिथंही सराव असाच करतात. खरं ग्राउंड १३० ते १४५ मीटर लांब असतं, तुम्हाला फुटबॉलचं अर्धं ग्राउंड खूप झालं. नाहीतर भात मळून झाल्यावर मोकळं शिवार मिळतंच, फक्त ज्याचं आहे त्याला विचारून, आणि वाटाणा-मसूर पेरलेल्या रानात पाय टाकू नका. गोल साडेसहा मीटर रुंद आणि दांडी अडीच मीटर उंच, दोन लांब बांबू उभे रोवून मध्ये एक आडवा बांधला की एच तयार. बॉल साधा फुटबॉल चालेल, पण थोडी हवा कमी करा, नाहीतर मुठीच्या पासला हात दुखतात.

पहिले पंधरा दिवस मॅच खेळूच नका, फक्त सोलो. आधी जागेवर, मग चालत, मग पळत, उजव्या पायानं जमलं की डाव्यानं. दोन्ही पायांनी न पाडता पन्नास झाले की मला कळवा. अनगोळच्या आजींचा नातू येत्या मे महिन्यात सुट्टीला येतोय असं त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय, मी त्यांच्याशी बोलून ठेवतो, नऊ वर्षाचा आहे पण तुमच्यापेक्षा त्याला जास्त येत असणार, त्याच्याकडनं शिकून घ्या.